छोट्या फॅशन ब्रँडसाठी एआय अ‍ॅप: सुरुवात कटिंगच्या आकड्यापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन जणांची टीम कपड्यांच्या छोट्या ब्रँडसाठी एआयवर चालणारं अ‍ॅप बनवायला निघाली आहे. डोक्यात चार कल्पना आहेत: ट्रेंड ओळखणं, नवीन डिझाइन तयार करून देणं, व्हर्च्युअल ट्राय-ऑन (कपडा ग्राहकाच्या अंगावर कसा दिसेल ते चित्रात दाखवणं), आणि मालाची वर्णनं आपोआप लिहिणं. यातलं आधी काय घ्यावं? आणि ज्या ब्रँडकडे फारसा डेटाच नाही, त्याला एआयचा उपयोग तरी कसा करून द्यायचा?

छोट्या ब्रँडसाठी सॉफ्टवेअर बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून उत्तर सरळच देते. चारपैकी वर्णनं तेवढी ठेवा. बाकीच्या तीन कल्पना पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. त्यांच्या जागी जी गोष्ट घ्यायला हवी ती तुमच्या यादीतच नाही: कोणता माल, कोणत्या साइजमध्ये, किती कापायचा.

छोटा ब्रँड बहुतेक वेळा एक-दोन माणसांचा असतो. कापड तीच आणतात, शिलाई युनिटच्या मागे तीच लागतात, फोटो तीच काढतात आणि ग्राहकांच्या मेसेजला रात्री उत्तरंही तीच देतात. त्यांचा पैसा आधी कापडात जातो, मग तयार मालात, आणि विक्रीतून परत यायला कित्येक आठवडे लागतात. या साखळीत मागे फिरता येत नाही अशी जागा एकच, कापडाला कात्री लागते ती. एल साइजचे वीस नग कापून झाले की ते एम होत नाहीत. छोटे ब्रँड बंद पडतात तेव्हा त्यांच्या डिझाइनमध्ये खोट असतेच असं नाही. पुष्कळदा नको त्या साइजच्या मालात पैसा अडकून पडतो आणि पुढच्या हंगामाचं कापड घ्यायला हातात काही उरत नाही.

कोणतंही काम एआयकडे द्यावं की नाही हे ठरवताना मी दोन गोष्टी बघते. ते काम किती वेळा येतं, आणि एआय चुकला तर ती चूक निस्तरायला काय पडतं. वर्णन रोज लागतं, चुकलं तर दोन सेकंदांत दुरुस्त होतं, म्हणून ते खुशाल द्या. मेसेजमधून ऑर्डर उचलणं रोजचं आहे, पण चुकलं तर ग्राहकाला भलताच माल जातो, म्हणून तिथे एआयने मसुदा करावा आणि माणसाने मान्य करावा. कटिंगचा आकडा क्वचित लागतो आणि चूक अख्ख्या हंगामाला भोवते. तिथे एआयने हिशेब उघडून दाखवावा आणि निर्णयाला हात लावू नये. अ‍ॅपमधला प्रत्येक स्क्रीन या तीनपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे आधी कागदावर लिहून काढा. रचनेतले अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता पायाचं काम. ते कंटाळवाणं आहे आणि सगळं त्यावरच उभं राहतं. ब्रँडच्या प्रत्येक स्टाइलचं एक कार्ड हवं: फोटो, कापड, धाग्याचं मिश्रण, जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), रंग, साइजनिहाय तयार कपड्याची मापं, खर्च, विक्रीची किंमत, कधी कापला, किती कापला, कधी विक्रीला आला आणि कोणती साइज कोणत्या दिवशी संपली. प्रत्यक्षात ही माहिती चार ठिकाणी पसरलेली असते. काही स्प्रेडशीटमध्ये, काही शॉपिफाय किंवा वूकॉमर्सवरच्या ऑनलाइन दुकानात, काही व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उरलेली मालकिणीच्या डोक्यात. एकच रंग एका ठिकाणी ‘नेव्ही’, दुसऱ्या ठिकाणी ‘नेव्ही ब्लू’ आणि तिसरीकडे ‘गडद निळा’ असतो. तिन्ही वेगळे मोजले गेले की त्या रंगाची विक्री तीन तुकड्यांत विखुरते आणि कोणताच तुकडा डोळ्यात भरत नाही.

भाषेच्या मॉडेलचा, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एआयचा, पहिला खरा उपयोग इथे होतो. जुनी फाइल घ्या, सारखी वाटणारी नावं मॉडेलला शोधू द्या आणि जोड्या मालकासमोर ठेवा: हे दोन एकच का? हो किंवा नाही, एका बोटाने. परस्पर जोड्या लावून टाकायचा मोह होईल, तो टाळा. ‘नेव्ही’ आणि ‘नेव्ही ब्लू’ खरोखरच दोन वेगळ्या डाय लॉटचं, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपांचं कापड असू शकतं, आणि दोन लॉटमधला शेडचा फरक मालकाला ठाऊक असतो, मॉडेलला नसतो.

ऑर्डरचं उदाहरण जरा जवळून बघू. ग्राहकाचा मेसेज येतो: ‘तो निळा लांब बाह्यांचा, एल दोन आणि एम एक, मागच्या वेळसारखाच पण उंची दोन इंच कमी.’ एवढ्याशा वाक्यात मॉडेलला चार गोष्टी सोडवायच्या आहेत. ‘तो निळा’ म्हणजे कोणता? कार्डांमध्ये लांब बाह्यांचे निळे तीन असतील, तर तिघांचे फोटो दाखवा आणि या ग्राहकाने आधी घेतलेला सर्वांत वर ठेवा. ‘मागच्या वेळसारखाच’ हे कापडाबद्दल आहे की मापांबद्दल? जुनी ऑर्डर शेजारी उघडून ठेवा. उंची दोन इंच कमी हा बदल तिन्ही नगांना लागू आहे की फक्त एमला? हे वाक्यावरून ठरत नाही, म्हणून अ‍ॅपने ठरवूच नये. त्या रकान्याला पिवळी पट्टी द्या आणि ग्राहकाला विचारायचा प्रश्न तयार ठेवा. साइज आणि नग स्पष्ट आहेत, ते भरून टाका. चांगला मसुदा असा असतो: जे कळलं ते भरलेलं, जे नाही कळलं ते ठळक दिसणारं. सगळे रकाने सारख्याच ठामपणे भरणारं अ‍ॅप वापरणाऱ्याला प्रत्येक रकाना पुन्हा तपासावा लागतो, आणि मग त्याची मेहनत वाचतच नाही.

तांत्रिक बाजूने सांगायचं तर इथे मॉडेलकडून मोकळा मजकूर घेऊ नका. ठरलेल्या रकान्यांची रचना द्या, ‘माहीत नाही’ हे प्रत्येक रकान्याचं वैध उत्तर ठेवा, आणि भरलेल्या प्रत्येक रकान्यासोबत मेसेजमधले मूळ शब्द मागा. मूळ शब्द मेसेजमध्ये सापडले नाहीत तर तो रकाना रिकामा करा. एवढ्या एका नियमाने मनाने रचलेल्या गोष्टींना बराच आळा बसतो.

आता कटिंगचा आकडा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमचं अ‍ॅप टिकेल की नाही ते माझ्या मते इथे ठरतं.

आधी डेटा किती कमी असतो ते पाहा. दहा स्टाइल, प्रत्येकी तीन रंग आणि सहा साइज म्हटलं की १८० खाने होतात. वर्षभरात ६०० नग विकले गेले तरी एका खान्यात सरासरी तीन-साडेतीन नग येतात. त्यावर न्यूरल नेटवर्क शिकवायला बसलात तर ते योगायोगच पाठ करेल. मोठ्या साखळी दुकानांसाठी बनवलेल्या अंदाजपद्धती इथे उतरत नाहीत. अधूनमधून होणाऱ्या तुरळक मागणीसाठी क्रॉस्टन यांनी १९७२ साली मांडलेली पद्धत, म्हणजे दोन विक्रींमधलं अंतर आणि एका वेळची विक्री यांचा वेगवेगळा अंदाज घेणं, कायम चालणाऱ्या स्टाइलसाठी अजूनही उपयोगी पडते. पण एकाच हंगामापुरत्या स्टाइलला तेवढा इतिहासच नसतो.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी आहे आणि पुष्कळ सॉफ्टवेअरच्या नजरेतून ती निसटते. विक्री म्हणजे मागणी नव्हे. समजा एका स्टाइलचे एम आणि एक्सएल प्रत्येकी वीस नग कापले. एम नऊ दिवसांत संपले. एक्सएल साठ दिवसांत चौदा गेले. हंगामाच्या शेवटी अहवाल सांगतो, एम २० आणि एक्सएल १४, म्हणजे फरक फार नाही. मालक पुढच्या वेळी थोडेसेच एम वाढवतो. आता दोन्ही साइज हजर होत्या ते पहिले नऊ दिवसच बघा. त्या काळात एक्सएल पाच गेले असतील, तर खरं प्रमाण २० ला ५, म्हणजे चारास एक. माल संपल्यावर आलेले एमचे ग्राहक विक्रीच्या वहीत कुठेच दिसत नाहीत. उलट त्यातल्या काहींनी नाइलाजाने एल घेतला असेल, म्हणून एलचा आकडा थोडा फुगलेला असतो. म्हणूनच कार्डावर ‘साइज संपली ती तारीख’ हा रकाना मागितला. तो नसेल तर हुशारातलं हुशार मॉडेलही मागच्या हंगामाची चूकच पुढे नेईल.

साइज रेशोसाठी, म्हणजे एकूण मालात कोणत्या साइजचा किती वाटा हे ठरवायला, साधं गणित पुरतं. नव्या स्टाइलचे पहिले ३० नग गेले आणि त्यात आठ एक्सएल निघाले, म्हणजे सुमारे २७ टक्के. ब्रँडचं एकूण एक्सएलचं प्रमाण मात्र १२ टक्के आहे. कोणावर विश्वास ठेवायचा? दोघांवर, आपापल्या वजनाने. ब्रँडच्या जुन्या अनुभवाला समजा ६० नगांचं वजन दिलं, तर ६० चे १२ टक्के म्हणजे ७.२, त्यात नवे ८ मिळवून १५.२, भागिले ९०. उत्तर सुमारे १७ टक्के. विक्री वाढत जाईल तसं नव्या स्टाइलचं स्वतःचं वजन वाढत जातं. संख्याशास्त्रात या पद्धतीला बेझियन अंदाज म्हणतात, पण मालकाला हा शब्द ऐकवायची गरज नाही. ‘तुमचा नेहमीचा रेशो १२, या स्टाइलचा आत्तापर्यंतचा २७, आम्ही १७ धरलाय’ एवढी एक ओळ स्क्रीनवर दिसली की ती माणसं लगेच वाद घालतात. त्यांनी वाद घालावा यासाठीच ती ओळ आहे.

एकूण किती कापायचे, यासाठी सरासरी मागणी पुरत नाही. चुकण्याची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी नसते. एका नगाची विक्रीची किंमत १०० धरू, तयार करायला ४० लागतात. माल कमी पडला तर दर हुकलेल्या विक्रीमागे ६० जातात. माल उरला आणि सेलमध्ये २५ ला गेला तर नगामागे तोटा १५. साठ भागिले पंचाहत्तर (साठ अधिक पंधरा) म्हणजे ०.८. याचा अर्थ, मागणी पुरी पडण्याची शक्यता ८० टक्के राहील एवढा माल कापणं फायद्याचं. मागणीचा अंदाज सरासरी ५० नग आणि प्रमाण विचलन (मागणी सरासरीपासून साधारण किती हलते ते) १५ असेल तर हा आकडा ६३ च्या आसपास येतो. हाच माल हंगामानंतर अजिबात विकला जाणारा नसेल तर उरलेल्या नगामागे पूर्ण ४० जातात, गुणोत्तर ०.६ वर येतं आणि आकडा ५४ होतो. व्यवस्थापनशास्त्रात याला न्यूजव्हेंडर प्रॉब्लेम म्हणतात. छोट्या ब्रँडसाठी यात एक भर घालावीच लागते, ती म्हणजे अडकलेल्या पैशाची किंमत. याच पैशातून पुढचं कापड घ्यायचं असेल तर उरलेला नग कागदावर दिसतो त्याहून महाग पडतो. अ‍ॅपमध्ये यासाठी एकच सरकपट्टी द्या: ‘सध्या हात आखडता घ्यायचाय’ ते ‘माल संपला तर चालणार नाही.’ ती सरकवली की आकडा आणि त्यामागची अडकणारी रक्कम दोन्ही डोळ्यांसमोर बदलली पाहिजेत.

आणि मग कटिंग टेबलाची वस्तुस्थिती. कापड थरावर थर अंथरून कापलं जातं आणि एका मार्करमध्ये, म्हणजे कापडावर ठेवायच्या पॅटर्नच्या आराखड्यात, साइज ठरावीक प्रमाणात बसवलेल्या असतात. एस एक, एम दोन, एल दोन, एक्सएल एक असा मार्कर असेल तर एका थरातून सहा नग निघतात. अ‍ॅपने ‘६३ कापा’ म्हणून उपयोग नाही. दहा थरांचे ६० किंवा अकरा थरांचे ६६, असे दोन पर्याय हवेत, आणि हातातल्या ताक्यात किती थर बसतात तेही सोबत हवं. थरांच्या भाषेत बोलणारं अ‍ॅप कटिंग करणाऱ्याला सरळ दाखवता येतं. नुसता टक्केवारी दाखवणारा आलेख कोणी टेबलाजवळ घेऊन जात नाही.

पूर्णपणे नव्या स्टाइलला इतिहास नसतो, तिथे फोटो समजणारी मॉडेल कामाला येतात. ओपनएआयने २०२१ साली क्लिप हे मॉडेल आणलं. चित्र आणि मजकुराच्या ४० कोटी जोड्यांवर ते शिकवलेलं होतं, आणि त्या धर्तीच्या मॉडेलमुळे ‘या सॅम्पलसारख्या आपल्या जुन्या स्टाइल कोणत्या’ हे विचारणं स्वस्त झालं. नव्या सॅम्पलचा फोटो टाका, जवळच्या पाच जुन्या स्टाइल आणि त्यांच्या पहिल्या महिन्याची विक्री समोर येऊ द्या. फक्त एक लक्षात ठेवा. फोटोत कापडाचं वजन दिसत नाही, अस्तर दिसत नाही, ताण दिसत नाही. सारखाच दिसणारा एक कपडा मागावर विणलेल्या (वोव्हन) कापडाचा आणि दुसरा टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या निटचा असेल तर त्यांची विक्री आणि साइज रेशो दोन्ही वेगळे निघतात. म्हणून फोटोच्या साम्यासोबत कार्डावरचं कापड, जीएसएम आणि किमतीची पट्टीही मोजा, आणि ‘ही तुलना चुकीची’ म्हणून एखादी स्टाइल यादीतून काढायची सोय द्या. अनुभवी मालक हे काम मॉडेलपेक्षा चांगलं करतो. अ‍ॅपने त्याला उमेदवार आणून द्यायचे, एवढंच.

परत आलेल्या मालाकडे सगळे नुकसान म्हणून बघतात, मला मात्र तो डेटा सगळ्यात मोलाचा वाटतो. अडचण अशी की परतीचं कारण म्हणून ‘साइज बसली नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याच्या जागी तीन टॅप ठेवा: कुठे (छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची), घट्ट की सैल, आणि नेहमी कोणती साइज घेता. एका स्टाइलच्या सात परतींपैकी पाच जण मुंढ्यात घट्ट म्हणत असतील तर साइजचा तक्ता बदलून काही होणार नाही. दोष पॅटर्नमध्ये आहे आणि तो पुढच्या कटिंगआधी सुधारता येतो. एका माणसाच्या नजरेतून हे सुटतं, कारण त्या सात परती दोन महिन्यांत विखुरलेल्या असतात. ग्राहकांच्या मेसेजमधून ही कारणं वेचून स्टाइलनिहाय लावून देणं हे मॉडेलचं अगदी योग्य काम आहे.

मापांचीही शिस्त लावा. अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधली ढील स्टाइलगणिक बदलते, आणि अनेक साइज तक्त्यांत दोन्हींची सरमिसळ असते. अंगाची मापं कुठून कुठे घ्यायची याच्या व्याख्या आयएसओ ८५५९ च्या २०१७ मधल्या पहिल्या भागात दिलेल्या आहेत. अ‍ॅपमधल्या रकान्यांची नावं ठरवताना त्यांचा आधार घ्या. म्हणजे उद्या ब्रँडने शिलाई युनिट बदललं तरी ‘छाती’ म्हणजे नेमकं काय यावर घोळ होणार नाही.

आता तुमच्या यादीतलं ट्राय-ऑन. २०१८ च्या व्हिटनसारख्या संशोधनापासून चित्रं रचणाऱ्या आजच्या डिफ्यूजन मॉडेलपर्यंत चित्रं झपाट्याने सुधारली आहेत, हे खरं. पण ही मॉडेल कपडा अंगावर कसा दिसेल याचं चित्र रचतात. तो बसेल का, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, कारण पॅटर्न आणि कापडाचा ताण त्यांना दिलेलाच नसतो. ग्राहक मात्र चित्र पाहून बसण्याचाच अंदाज बांधतो आणि मग माल परत येतो. शिवाय चित्रं रचताना तपशील हलतात. पट्ट्यांची रुंदी बदलते, सहा बटणांची पाच होतात, छापाचा आकार मोठा होतो, बटनपट्टीची बाजू उलटते. मोठ्या ब्रँडची या निमित्ताने एखादी चूक खपून जाते. ज्याची सगळी ओळख दोन-चारशे ग्राहकांच्या विश्वासावर उभी आहे त्याला ती परवडत नाही. लिवाइसने २०२३ मध्ये एआयने बनवलेल्या फॅशन मॉडेलचे (माणसांचे) फोटो वापरून पाहणार असल्याचं सांगितलं तेव्हा जोरदार टीका झाली होती, तेही ध्यानात असू द्या.

फोटोंच्या बाबतीत माझी रेघ ठरलेली आहे: कपड्याच्या आतल्या एकाही पिक्सेलला एआयने हात लावायचा नाही. पार्श्वभूमी साफ करणं, सावली, चौकट, वेगवेगळ्या आकारांत कातरणं हे सगळं मजेत करा. रंग दुरुस्त करायचा तर अंदाजाने नको. फोटो काढताना बाजूला राखाडी कार्ड ठेवायला सांगा आणि अ‍ॅपने त्यावरून व्हाइट बॅलन्स लावावा. रंग वेगळा निघाला म्हणून येणाऱ्या परती या एका साध्या सवयीने कमी होतात.

वर्णनं लिहून घेताना धोका भाषेचा नसून दाव्यांचा आहे. मॉडेलला छान वाक्य हवं असतं, म्हणून ते सुती कापडाला ‘सेंद्रिय’ करतं, मशिनवर शिवलेल्याला ‘हाताने बनवलेलं’ म्हणतं आणि धुण्याच्या सूचना आपल्या मनाने देतं. धाग्याचं मिश्रण सांगण्यावर बऱ्याच देशांत कायदे आहेत. युरोपीय संघात त्यासाठी २०११ चा १००७ क्रमांकाचा नियम आहे, आणि चुकीची माहिती छापली तर जबाबदारी ब्रँडची असते. त्यामुळे कापड, मिश्रण, मापं आणि धुण्याच्या सूचना थेट कार्डावरून छापा, मॉडेलला फक्त त्यांच्यामधला मजकूर लिहू द्या. वर एक साधा तपासनीस बसवा: मजकुरात आलेला प्रत्येक आकडा, प्रत्येक धाग्याचं नाव आणि ‘सेंद्रिय’, ‘हस्तनिर्मित’, ‘पर्यावरणपूरक’ यांसारखा प्रत्येक शब्द कार्डावर सापडलाच पाहिजे. नाही सापडला तर मजकूर पुढे जाणार नाही. ब्रँडचा सूर पकडायला त्यांनीच लिहिलेली आठ-दहा जुनी वर्णनं नमुना म्हणून दिली की पुरतं.

ट्रेंड आणि डिझाइन यांच्याबद्दल थोडक्यात. ट्रेंडचा अंदाज सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सांगतो. छोटा ब्रँड चालतो तो वेगळेपणावर, त्यामुळे हा सल्ला त्याच्या मुळावर येतो. अ‍ॅमेझॉनने २०१७ मध्ये आणलेला, कपड्यांवर मत देणारा इको लूक कॅमेरा २०२० मध्ये बंद झाला. उलट २०११ पासून चालू असलेल्या, ग्राहकांना कपडे निवडून पाठवणाऱ्या स्टिच फिक्सने अल्गोरिदमच्या जोडीला माणूस स्टायलिस्ट ठेवले, आणि ही जोडी मला जास्त शहाणपणाची वाटते. एआयने काढलेल्या छापांबाबत कायद्याचा पेचही आहे. मानवी कर्त्याशिवाय निव्वळ यंत्राने केलेल्या कलाकृतीला अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही, आणि २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही थेलर विरुद्ध पर्लमटर या खटल्यात तेच कायम केलं. ज्या छापावर ब्रँडला हक्क सांगता येणार नाही, तो त्याची ओळख म्हणून विकणं जोखमीचं आहे.

मॉडेल स्वतः शिकवायच्या भानगडीत पडू नका. तयार मॉडेल वापरा, पण पहिल्या दिवसापासून परीक्षेचा संच जमवा: परवानगी घेऊन, नावं-नंबर काढून टाकलेले शे-दोनशे खरे मेसेज आणि त्यांची बरोबर उत्तरं. मॉडेल किंवा त्याला दिलेली सूचना बदलली की आधी हा संच चालवायचा. कंपन्या मॉडेल बदलत राहतात, आणि कालपर्यंत नीट वाचला जाणारा ‘एल २’ आज ‘एल १२’ वाचला गेला तर ते ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे. अंदाजाची परीक्षा घेताना टक्केवारीतल्या चुकीची सरासरी वापरू नका. विक्री शून्य असलेल्या खान्यात ती कोसळते, आणि इथे शून्याचे खाने भरपूर असतात. त्याऐवजी किती नग उरले असते आणि किती कमी पडले असते हे मोजा. मालकाची भाषाही तीच आहे.

गोपनीयतेत दोन धोके आहेत. पहिला ग्राहकांच्या अंगाच्या फोटोंचा. ते मागूच नका. मापं आणि परतीची कारणं यांवर काम भागतं, आणि तीही वैयक्तिक माहितीच आहे, म्हणून गरज संपली की पुसा. दुसरा धोका ब्रँडचा आहे. दहा ब्रँड जमले की सगळ्यांची विक्री एकत्र करून अंदाज सुधारायची कल्पना सुचते. गणिताच्या दृष्टीने ती चांगली आहे. पण ते ब्रँड एकमेकांचे प्रतिस्पर्धी असू शकतात, आणि अजून बाजारात न आलेल्या सॅम्पलचे फोटो तुमच्याकडे पडलेले असतात. स्पष्ट संमतीशिवाय एका ब्रँडची कोणतीही गोष्ट दुसऱ्याच्या अंदाजात जाऊ देऊ नका, आणि ही हमी करारात लिहून द्या.

क्रम विचाराल तर पहिल्या टप्प्यात कार्ड, जुन्या फाइलची सफाई आणि मेसेजमधून ऑर्डर. पहिल्याच बैठकीत मालकाला त्याच्या मागच्या हंगामाचं ‘कोणती साइज लवकर संपली’ हे चित्र दिसलं पाहिजे. तेवढ्यासाठी तो पुढचे रकाने भरायला तयार होतो. दुसऱ्या टप्प्यात वर्णनं आणि परतीची कारणं. कटिंगचा आकडा तिसऱ्या टप्प्यात, एक हंगाम नीट नोंदवला गेल्यावर. आधीच दाखवलात तर तो कच्च्या नोंदींवर उभा राहील, आणि एकदा चुकलेल्या आकड्याकडे माणसं पुन्हा वळून बघत नाहीत. सगळं फोनवर चालायला हवं, एका हाताने, मध्येच फोन वाजला तरी अर्धवट भरलेलं न हरवता. मजकुरापेक्षा चित्रांची कामं मॉडेलकडून करून घेणं बरंच महाग असतं, म्हणून चित्रांना ब्रँडनिहाय महिन्याची मर्यादा ठेवा.

अ‍ॅप किती वेळा उघडलं हे मोजत बसू नका. मोजायचं ते हे: कटिंगच्या दिवशी मालकाने अ‍ॅपने सुचवलेला आकडा पाहिला का, आणि बदलला तर का बदलला. बदल करताना एका टॅपचं कारण मागा: कापड कमी होतं, मोठी ऑर्डर येणार आहे, या गळ्याची स्टाइल आमच्याकडे चालत नाही, असं काहीही. दोन हंगामांनी ही कारणं चाळा. त्यातली जी पुन्हा पुन्हा येतात त्यांचे रकाने कार्डावर वाढवा, आणि ज्या बदलांमुळे मालकाचा आकडा अ‍ॅपपेक्षा बरोबर ठरला ते आधी घ्या.